न दिसलेली भिंत आणि अकरा पैशांचं पाणी



आजच्या विषयाची सुरुवात आपण स्वयंपाकघरापासून करू. काकडी चोचवून तिला मीठ लावून ठेवलं की दहा मिनिटांत वाटीच्या तळाशी पाणी साचतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून बरणीत भरलं की दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच्याच पाण्यात पोहत असतात. उलट मनुका रात्री पाण्यात टाकल्या की सकाळी टम्म फुगतात. आपण सगळ्यांनी हे हजार वेळा पाहिलं आहे. पण एक साधा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो. काकडीतलं पाणी बाहेर आलं, मग काकडीतलं बाकीचं सगळं आतच का राहिलं? पाण्याला वाट आहे आणि इतरांना नाही, असं तिथे काय आहे?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसाला सुमारे सव्वादोनशे वर्षं लागली. त्या उत्तराची गोष्ट आज सांगायची आहे. विषय जीवशास्त्राचा आहे आणि आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तरी हा विषय निवडला, कारण त्याच्या पोटात आमच्या शास्त्राचा एक जुना प्रश्न बसलेला आहे. जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, ती आहे हे आपण कशाच्या बळावर म्हणतो? आणि हा प्रश्न केवळ वादविवादापुरता नाही. त्याचं उत्तर चुकलं म्हणून माणसं मेली, आणि ते नीट मिळालं म्हणून माणसं वाचली. शेवटी आपण तिथेच पोचणार आहोत.

आपल्या मीमांसकांचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. देवदत्त नावाचा एक गृहस्थ दिवसा काही खात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तो चांगला गुटगुटीत आहे. मग काय मानायचं? तो रात्री खात असला पाहिजे. रात्री त्याला जेवताना कुणी पाहिलेलं नाही. पण तसं मानल्याशिवाय त्याच्या गुटगुटीतपणाची संगती लागत नाही. या प्रमाणाला ‘अर्थापत्ती’ म्हणतात. नैयायिक म्हणाले, याला वेगळं प्रमाण कशाला म्हणायचं, हे अनुमानच आहे. त्या भांडणात आज शिरायला नको. एवढंच लक्षात ठेवू या की पेशीभोवतीच्या पडद्याचा शोध हा जवळजवळ संपूर्णपणे देवदत्ताच्या रात्रीच्या जेवणासारखा लागला. पडदा कुणी पाहिला नव्हता. तो मानावा लागला.

१६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप ठेवला आणि त्याला मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसली. त्याने दिलेलं नाव आपण आजही वापरतो. पण हूकने पाहिल्या त्या वनस्पतीच्या जाड भिंती, आणि त्याही रिकाम्या. आपल्याला हवा आहे तो पडदा त्या भिंतीच्या आत असतो आणि इतका पातळ असतो की साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसणं शक्यच नव्हतं. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं ओळखता येत नाही. हा पडदा आहे ७-८ नॅनोमीटरचा. म्हणजे उपकरणाच्या मर्यादेच्याही पंचवीस-तीस पट पातळ.

मग सुगावा कसा लागला? पहिला धागा १७४८ सालचा. फ्रान्समधले धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ झाँ-आंत्वान नोले यांनी दारूच्या अर्काने भरलेल्या भांड्याचं तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातड्याने बांधलं आणि ते पाण्यात बुडवून ठेवलं. काही तासांनी कातडं फुगून वर आलं. टोचलं तर आतून चिळकांडी उडाली. मग त्यांनी उलटं करून पाहिलं, आत पाणी आणि बाहेर अर्क. आता कातडं आत खचलं. म्हणजे पाणी पडद्यातून जात होतं, अर्काला मात्र तेवढ्या सहज जाता येत नव्हतं. पुढे १८२० च्या दशकात दुत्रोशे यांनी सजीवांच्या बाबतीत याचा पद्धतशीर अभ्यास केला. शाळेच्या पुस्तकात आपण याला परासरण म्हणतो.

यानंतरचा माणूस आम्हाला फार आवडतो. मोरिट्झ ट्राउबे. हा प्राध्यापक नव्हता. घरचा दारूचा व्यापार सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात रसायनशास्त्र करायचा. १८६७ मध्ये त्याने दोन द्रावणांच्या सीमेवर एक कृत्रिम पडदा तयार केला. तांब्याचा क्षार आणि फेरोसायनाइड एकत्र आले की जिथे भेटतात तिथे पातळ पापुद्रा धरतो. त्यातून पाणी जातं, साखर जात नाही. दहा वर्षांनी, १८७७ मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी हाच पापुद्रा सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या आत बसवून त्याला बळकटी दिली आणि दाब मोजला. साखरेचं अवघं एक टक्का द्रावण पाऱ्याचा स्तंभ अर्ध्या मीटरहून वर चढवतं, हे त्यांना आढळलं. याच आकड्यांवरून पुढे व्हान्ट हॉफ यांनी द्रावणांचा सिद्धांत मांडला, आणि १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे फेफरचा तर्क. ते म्हणाले, जिवंत पेशी या भांड्यासारखीच वागते. पाणी घेते, फुगते; बाहेर मीठ असलं की आक्रसते. भांड्याच्या वागण्याचं कारण पापुद्रा आहे. तेव्हा पेशीलाही तसाच पापुद्रा असला पाहिजे. देवदत्त रात्री जेवत असला पाहिजे.

आता पुढचा प्रश्न. हा पापुद्रा कशाचा बनलेला आहे? उत्तर दिलं चार्ल्स अर्नेस्ट ओव्हरटन यांनी. जन्माने इंग्रज, काम झ्युरिकमध्ये, काळ १८९० चं दशक. त्यांनी पाचशेहून जास्त पदार्थ एकेक करून पेशींवर वापरून पाहिले. कोणता आत जातो, कोणता जात नाही, कोणता पटकन, कोणता हळू. इतकं चिकाटीचं काम केल्यावर एक नियम वर आला. जो पदार्थ तेलात विरघळतो तो झटकन आत शिरतो. जो तेलात विरघळत नाही तो दाराशी अडतो. याचा अर्थ दारच तेलकट असलं पाहिजे. पाहा, पुन्हा अर्थापत्ती. पहारेकरी दिसत नाही, पण तो कुणाला आत सोडतो यावरून त्याचा स्वभाव ओळखायचा.

मग १९२५ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी एक गंमतशीर हिशेब केला. गोर्टर हे मुलांचे डॉक्टर होते. त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या, ॲसिटोनने त्यांतली चरबी काढली आणि पाण्यावर एका थरात पसरली. मग पेशींच्या एकूण पृष्ठभागाशी तिची तुलना केली. चरबीचा थर बरोबर दुप्पट निघाला. म्हणजे पेशीभोवती चरबीचा दुहेरी थर आहे! उत्तर बरोबर. आजही आपण तेच मानतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९६० च्या दशकात जेव्हा हा हिशेब पुन्हा तपासला गेला, तेव्हा कळलं की त्यांच्या दोन चुका झाल्या होत्या. ॲसिटोनने सगळी चरबी निघाली नव्हती. आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी खऱ्यापेक्षा कमी धरला होता. दोन्ही चुका एकाच दिशेने जाणाऱ्या होत्या, म्हणून भागाकारात एकमेकींना खाऊन टाकलं आणि उत्तर दोनच राहिलं. आपल्याकडच्या तार्किकांनी हजार वर्षांपूर्वीच असा प्रश्न उभा केला होता. डोंगरावर धुळीचा लोट पाहून कुणी त्याला धूर समजला आणि म्हणाला, तिथे अग्नी आहे. आणि योगायोगाने तिथे खरोखरच अग्नी असला, तर त्या माणसाला ज्ञान झालं म्हणायचं का? गोर्टर आणि ग्रेंडेल यांना ज्ञान झालं की नशिबाने उत्तर लागलं? विद्यार्थ्यांना आम्ही हे उदाहरण नेहमी द्यायचो. वर्गात दोन तट पडायचे आणि तास कसा संपला ते कळायचं नाही.

असो. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पडदा शेवटी डोळ्यांना दिसला. दोन गडद रेषा आणि मध्ये फिकट पट्टा. देवदत्ताला रात्री जेवताना पकडलं. पण तोपर्यंत फेफर, ओव्हरटन, गोर्टर सगळे बरोबर ठरून गेले होते.

इथपर्यंत पडद्याची गोष्ट. आता खरी अडचण. पडदा तेलकट आहे, मग साखर आत कशी जाते? मीठ कसं जातं? ही दोन्ही पाण्यात विरघळतात, तेलात नाही. ओव्हरटनच्या नियमाने त्यांना दारातच थांबायला हवं. आणि साखरेशिवाय तर पेशी जगूच शकत नाही. शिवाय आणखी एक कोडं होतं. आपल्या रक्तात सोडियम भरपूर आणि पोटॅशियम थोडं असतं, पेशीच्या आत बरोबर उलट. आधी लोक म्हणत, सोडियमला पडद्यातून वाटच नाही, म्हणून तो बाहेर राहतो. पण १९४० च्या सुमारास किरणोत्सर्गी अणूंची खूण लावून पाहिलं, तर सोडियम आत जातो हे दिसलं. आत जातो आणि तरी आत साठत नाही. म्हणजे कुणीतरी त्याला सतत बाहेर उपसत असलं पाहिजे. होडीत पाणी झिरपतंय आणि तरी होडी बुडत नाही, याचा अर्थ आत कुणीतरी पाणी उपसतंय.

कोपनहेगनमध्ये हान्स उसिंग यांनी बेडकाच्या कातडीवर हे दाखवून दिलं. कातडीच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखंच खारं पाणी ठेवलं, तरी कातडी एका बाजूचा सोडियम दुसऱ्या बाजूला नेत राहिली. उतार नसताना वाहणं, म्हणजे त्यामागे श्रम आहेत, इंधन जळतंय. आणि १९५७ मध्ये डेन्मार्कच्याच येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंमध्ये तो उपसणारा सापडवून दिला. ते एक प्रथिन होतं. ते तीन सोडियम बाहेर टाकतं, दोन पोटॅशियम आत घेतं आणि त्यासाठी पेशीची ऊर्जा खर्च करतं. स्कोऊ यांना नोबेल मिळालं १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी.

सोडियमचं कळलं. साखरेचं काय? ऑगस्ट १९६० मध्ये प्राग शहरात एक परिषद भरली होती. तिथे अमेरिकेचे रॉबर्ट क्रेन यांनी एक कल्पना मांडली. लहान आतड्याच्या पेशीवर साखरेसाठी एक दार आहे, पण ते एकट्या साखरेला उघडत नाही आणि एकट्या सोडियमलाही नाही. दोघांनी मिळून यावं लागतं. सत्यनारायणाच्या पूजेला जसं जोडीनेच बसावं लागतं, तसं. मागच्या दाराने पंप सोडियम सतत बाहेर फेकत असतो, म्हणून पुढच्या दाराशी सोडियम आत यायला ओढाळ झालेला असतो. तो आत येताना साखरेचा हात धरून तिला घेऊन येतो. पुढे कळलं की एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम येतात, म्हणजे आमच्या पूजेच्या उपमेत थोडी गडबड झाली. पण मुद्दा तोच राहतो. आणि ही दोघं आत गेली की त्यांच्यामागून पाणी जातं. काकडीतून मिठाकडे गेलं होतं तसंच.

मित्रहो, ‘त्यांच्यामागून पाणी जातं’ हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. ते कळायला आता आपण पटकीकडे वळू.

पटकी, कॉलरा, जुन्या लोकांच्या तोंडी नुसतीच ‘मरी’. महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर मरीआईचं देऊळ दिसतं, मुंबईत जरीमरीची देवळं आहेत. ती देवळं का उभी राहिली याची आठवण आता फार थोड्यांना उरली असेल. वारीच्या वाटेवर, यात्रेत, जिथे माणसं गोळा होत आणि पाणी नासे, तिथे ही बया येई. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नसे. तीव्र पटकीत मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. जिवाणू माणसाला खात नाही, माणूस सुकून मरतो.

इथे आमची एक आठवण सांगतो. १९५० च्या दशकातली गोष्ट. आमच्या वाड्यात आमच्या चुलत भावंडांतलं सगळ्यांत धाकटं, तीनेक वर्षांचं, जुलाबांनी आजारी पडलं. पटकी होती की दुसरं काही, ते आता सांगता येणार नाही. ते पाणी मागत होतं. आजी म्हणाली, “पाणी देऊ नका रे त्याला. ठरत नाहीये पोटात. जेवढं द्याल तेवढं बाहेर येतंय.” वाड्यात सगळ्यांचा जीव त्या पोरावर, आजीचा तर सगळ्यांत जास्त. पाण्यात बुडवलेल्या कापसाने ती त्याचे ओठ ओले करत बसली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेलं. आम्ही उंबऱ्याशी उभे होतो, हे अजून आठवतं.

पुष्कळ वर्षं आम्ही मनातल्या मनात आजीला अडाणी म्हणत आलो. हा इतिहास वाचल्यावर मात्र ते मत बदलावं लागलं. कारण मोठमोठे डॉक्टरही तेच म्हणत होते. पटकीने मेलेल्या माणसांची आतडी तपासली तर आतलं अस्तर सोललेलं दिसे. म्हणून एकोणिसाव्या शतकापासून समज असा की, रोगाने आतड्याची भिंतच नष्ट होते. भिंतच नाही तर पाणी शोषणार कोण? तोंडाने काही देण्यात अर्थ नाही. आजीने जे पाहिलं त्यावरून तिने तर्क केला, विद्वानांनी जे पाहिलं त्यावरून त्यांनी केला, आणि दोघंही एकाच ठिकाणी पोचले.

मग उपाय काय? शिरेतून. १८३१ साली विल्यम ओशॉनेसी हा बावीस वर्षांचा तरुण डॉक्टर इंग्लंडमध्ये सुंदरलंडला गेला. पटकीच्या रुग्णांचं रक्त तपासून त्याने दाखवलं की त्यातलं पाणी आणि क्षार गेलेले आहेत. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या थॉमस लाटा यांनी रुग्णांच्या शिरेत खारं पाणी सोडलं. मेल्यात जमा झालेली काही माणसं उठून बसली. पण त्या काळी निर्जंतुक पाणी ठाऊक नव्हतं, आणि किती द्यायचं याचा अंदाज नव्हता. उपाय मागे पडला तो जवळजवळ विसाव्या शतकापर्यंत. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारण्यासाठी प्रसिद्ध झाला. पटकीचं काम त्याने पुढे नेलं नाही.

शिरेतून दिलेलं सलाइन काम करतं, यात शंका नाही. पण त्याला सुई लागते, बाटली लागते, निर्जंतुक पाणी लागतं, शिकलेला माणूस लागतो. पटकी येते तिथे नेमकं यांतलं काहीच नसतं.

आता भिंत नष्ट होते हा समज कसा मोडला ते पाहू. १९५९ मध्ये कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवलं की जिवाणू पूर्ण गाळून टाकलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला तरी आतडं पाण्याने भरतं. म्हणजे काम जिवाणूच्या विषाचं आहे. त्याच सुमारास बँकॉकमध्ये जिवंत रुग्णांच्या आतड्यांचे नमुने तपासले गेले. अस्तर शाबूत! प्रेतांमध्ये जे सोललेलं दिसे ते मरणानंतरचं होतं. भिंत उभीच होती. विषाने फक्त तिचा एक नळ उघडा टाकला होता, ज्यातून क्षार आणि पाणी बाहेर वाहतं. आणि साखर-सोडियमच्या जोडीचं दार? त्याला विष हातही लावत नाही. पटकीच्या ऐन भरातही ते दार चालूच असतं. नुसतं पाणी दिलं तर पुरेसं शोषलं जात नाही, आजीचं निरीक्षण तेवढ्यापुरतं खरं होतं. पण पाण्यात मीठ आणि साखर दोन्ही असतील तर शाबूत दारातून ती आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी जातं.

तुम्ही म्हणाल, मग क्रेन यांनी प्रागमध्ये सांगितलं आणि डॉक्टरांनी लगेच मीठ-साखर पाजली. इतिहास इतका सरळ चालत नाही. क्रेनच्या सात वर्षं आधी, १९५३ मध्येच, कलकत्त्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की १८६ रुग्णांना तोंडाने ग्लुकोज आणि मिठाचं पाणी देऊन बरं केलं. कुणी लक्ष दिलं नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि हे का घडतं याचं स्पष्टीकरण कुणाजवळ नव्हतं. १९६० च्या दशकाच्या आरंभी मनिलात अमेरिकी नौदलाचे डॉ. रॉबर्ट फिलिप्स यांनी साखर घातलेलं क्षारांचं पाणी पाजून पाहिलं. आधी चांगला गुण आला. पण पुढच्या प्रयोगात द्रावण फार तीव्र झालं आणि काही रुग्ण दगावले. फिलिप्स यांनी तो नाद सोडला. प्रमाण चुकलं तर हेच पाणी उलट काम करतं, हे इथे लक्षात ठेवा. आतड्यात साखर जास्त झाली की तीच शरीरातलं पाणी बाहेर ओढते, काकडीवरच्या मिठासारखी.

१९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी स्थानिक सहकाऱ्यांबरोबर नीट मोजून-मापून प्रयोग केला. जेवढं पाणी बाहेर जातं तेवढं तोंडाने परत द्यायचं. शिरेतल्या सलाइनची गरज खूपच कमी झाली. कलकत्त्याच्या गटालाही असेच निष्कर्ष मिळाले. पण हे सगळं इस्पितळात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. बाहेरचं जग म्हणे, खेड्यातल्या माणसाच्या हाती हे देणं धोक्याचं.

आणि मग १९७१ साल आलं. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. जेसोर रस्त्याने लोंढेच्या लोंढे बनगावला येत होते. याच जेसोरमधून १८१७ साली पटकीची पहिली जागतिक साथ पसरली होती. बनगावच्या छावणीत पटकी सुरू झाली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले तेव्हा इस्पितळात सोळा खाटा होत्या आणि दोन खोल्यांच्या जमिनीवर रुग्ण पडलेले. सलाइन द्यायचं तर त्या घाणीत गुडघे टेकून बसावं लागे. आणि साठा संपत आला होता.

त्यांनी ठरवलं, तोंडाने द्यायचं. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात वजन करून प्लास्टिकच्या पिशव्या भरायच्या, गरम इस्त्रीने तोंड बंद करायचं, बनगावला पाठवायचं. तिथे नळ लावलेल्या पिंपांत मिश्रण करायचं आणि रुग्णाच्या आईच्या, भावाच्या हाती पेला द्यायचा. लिटरला खर्च ११ पैसे. आठ आठवड्यांत ३,७०० वर रुग्णांवर उपचार झाले. छावणीत त्याआधी शंभरांतले जवळजवळ तीस दगावत होते. महालनबीस यांच्या रुग्णांमध्ये हे प्रमाण ३.६ टक्के राहिलं.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाने विचारायचा प्रश्न. महालनबीस यांच्याकडेही तुलनेचा गट नव्हता. चटर्जींवर हाच आक्षेप होता. मग १९५३ मध्ये जे कुणी ऐकलं नाही, ते पुढे का ऐकलं गेलं? आमचं उत्तर असं. मधल्या काळात भिंतीचा स्वभाव कळला होता. भिंत शाबूत आहे, दार कोणतं, त्याला किल्ली काय, हे प्राग, ढाका, कलकत्ता, बँकॉक इथल्या कामांनी ठरलं होतं. चटर्जींचा अनुभव खरा होता, पण त्याला ठेवायला फडताळ नव्हतं. अनुभव आणि त्याचं कारण, दोन्ही एकत्र आल्यावरच दार उघडलं. तरीही लगेच नव्हे. महालनबीस यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये छापून आला, आणि अनेक डॉक्टरांचा विश्वास बसायला त्यानंतरही वर्षं गेली. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने संपादकीयात लिहिलं की हा कदाचित शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल.

याचं सर्वांत सुंदर रूप बांगलादेशात पाहायला मिळालं. १९८० ते १९९० या दशकात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या, सव्वा कोटीच्या आसपास घरांत. तीन बोटांची मिठाची चिमूट, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आईला समोर करायला लावायचं. आणि कार्यकर्तीचा मोबदला कशावर? नंतर जाऊन विचारल्यावर आईला किती आठवतंय त्यावर. शिकवण्याचा मोबदला शिकणाऱ्याच्या आठवणीवर ठरवण्याची ही पद्धत आमच्या विद्यापीठांत आली असती, तर आमच्यासारख्या पुष्कळांची पंचाईत झाली असती.

महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्याआधी त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं. आम्ही ऐकलं नव्हतं, हे कबूल करतो.

आणि हा निव्वळ इतिहास नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जुलाब झालेल्या लहान मुलांपैकी साधारण ६० टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं. म्हणजे दहांतल्या चारांना नाही. तेव्हा थोडं व्यवहाराचं बोलून थांबतो. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे हे पाहून घ्या. पाकीट एक लिटरचं असेल तर सगळं एकदम एक लिटर स्वच्छ पाण्यात घाला, अर्धं-अर्धं करू नका. दुकानातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, कारण साखर जास्त झाली की काय होतं ते आत्ताच पाहिलं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, चमच्या-चमच्याने. तान्ह्याचं अंगावरचं दूध बंद करायचं नाही. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, पीत नसेल, जुलाबातून रक्त पडत असेल, तर वाट न पाहता दवाखाना.

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात मीठ होतं. गुळाची ढेप होती. चुलीवर पाणी होतं. तिन्ही वस्तू त्या पोरापासून दहा हातांवर होत्या. आजीकडे नव्हती ती फक्त एक माहिती, आणि ती तेव्हा जगात कुणाकडेच धडपणे नव्हती. आता ती आपल्याकडे आहे. आज घरी गेल्यावर घरातल्या एका माणसाला हे प्रमाण करून दाखवा, आणि आठवड्याने विचारा की आठवतंय का.

पुढच्या वेळी आपण याच पडद्यातून पाणी स्वतः कोणत्या वाटेने जातं ते पाहू. त्या वाटेचाही शोध असाच आडवळणाने लागला. आता तुमचे प्रश्न घेऊ.